दळण आणि पीठ

एखादे काम अनेकांनी मिळून करावयाचे ठरले, की ते कोणत्या पद्धतीने करावयाचे हा प्रश्न आपोआप उभा राहतो. बहुधा हा प्रश्न निव्वळ सोयीचा आहे असे समजून तो एखाद्या कारकुनाच्या अथवा तज्ज्ञाच्या स्वाधीन केला जातो. वहीला पुठ्ठा कोणत्या रंगाचा असावा, याला जितके महत्त्व, तितकेच आपण त्याला देतो. आमचे मत याहून निराळे आहे. कामाची आखणी कोणी करावयाची, नोंद कशात ठेवावयाची, ती कोणी लिहावयाची आणि कोणी पाहावयाची, हे प्रश्न वरवर व्यवहाराचे दिसले तरी त्यांच्या तळाशी नीतीचा प्रश्न असतो, असे आम्हांला वाटते. ज्या प्रसंगाने हे मत आमच्या मनात पक्के झाले तो प्रसंग शिर्डीचा असल्यामुळे आरंभ तेथूनच करणे बरे.

रामनवमीच्या सुमारास मुंबईहून आणि इतर गावांहून साईभक्तांच्या पालख्या पायी चालत शिर्डीस येतात, हे पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. त्या वेळी उन्हाळा तापू लागलेला असतो. वाटेवर या पदयात्रींच्या जेवणाची, पाण्याची आणि पायांना आलेल्या फोडांवर मलमपट्टी करण्याची सोय लहानमोठी मंडळे करीत असतात. अशाच एका मंडळाच्या बैठकीस काही वर्षांपूर्वी एका स्नेह्यामुळे आम्हांला बसावयास मिळाले. मंडळात सुमारे चाळीस माणसे होती. आदल्या वर्षी थोडा गोंधळ झाला होता. एका मुक्कामी भाजी दोनदा आली आणि दुसऱ्या मुक्कामी पीठच पोचले नाही. म्हणून यंदा कामास शिस्त लावावयाची आणि त्यासाठी एखादे चांगले सॉफ्टवेअर घ्यावयाचे, असा विचार चालला होता.

बैठकीत तीन पक्ष पडले. पहिला पक्ष एका निवृत्त अभियंत्यांचा. त्यांचे सारे आयुष्य पाटबंधाऱ्यांच्या कामांवर गेले होते. प्रत्येक काम कोणत्या दिवशी सुरू व्हावयाचे, किती दिवस चालावयाचे आणि कोणते काम कोणत्या कामावाचून अडते, हे सारे आधी आडव्या पट्ट्यांच्या तक्त्यावर मांडले पाहिजे, आणि तक्ता एकदा पक्का झाला की त्यात कोणी हात घालता कामा नये, असे त्यांचे म्हणणे होते. दुसरा पक्ष पुण्याच्या एका संगणक-कंपनीत नोकरीस असलेल्या तरुणाचा. ‘काका, एवढं सगळं आधी कोणाला ठरवता येतं? माणसं आज किती चालतील हेच नक्की नसतं,’ असे म्हणून त्याने आपल्या मोबाइलवर एक फलक दाखविला. त्यावर ‘करावयाचे’, ‘चालू’ आणि ‘झाले’ असे तीन रकाने होते आणि कामांच्या चिठ्ठ्या एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात सरकत होत्या. तिसरा पक्ष खजिनदारांचा. मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा गट आहे तेवढा पुरे, तो फुकटचा आहे आणि सर्वांना वापरता येतो, हे त्यांचे मत. दोन तास वाद झाला. वादात कटुता नव्हती. तिन्ही पक्षांचे म्हणणे आपापल्या परीने खरे होते.

या सर्व वेळी मंडळाचे आचारी दाराशी मांडी घालून बसले होते. त्यांना कोणी काही विचारले नाही आणि तेही आपण होऊन बोलले नाहीत. बैठक उठल्यावर चहाच्या वेळी ते आमच्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, ‘साहेब, तिसऱ्या मुक्कामाला पाण्याचा टँकर यायचा नाही. टँकरवाल्याच्या पोरीचं लगीन हाय त्या दिवशी.’ हे बैठकीत का सांगितले नाही, असे आम्ही विचारताच ते म्हणाले, ‘तिथं समदे शिकलेले बोलत व्हते. मला कुणी इचारलंच नाही.’

घरी परतताना हे वाक्य आमच्या मनातून जाईना. तक्ता निवडला असता तर त्यात तिसऱ्या मुक्कामापुढे ‘पाणी : टँकर’ अशी एक सुबक पट्टी उमटली असती. फलक निवडला असता तर तीच गोष्ट एका चिठ्ठीवर आली असती. व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी तरी अंगठा उंचावून होकार दिला असता. आणि तिन्ही प्रकारी, भर उन्हात चालून आलेली शेकडो माणसे रिकाम्या पिंपापुढे उभी राहिली असती. ज्या एका माणसाला खरी गोष्ट ठाऊक होती, त्याच्यासाठी या तिन्ही पद्धतींत जागाच नव्हती.

असे असेल तर पद्धतींचा हा सारा खटाटोप व्यर्थच म्हणावयाचा काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. यांतील प्रत्येक पद्धत कोणत्या तरी खऱ्या अडचणीतून जन्मास आली आहे, आणि ती अडचण समजून घेतल्यावाचून पद्धतीची योग्यता कळत नाही. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर यांनी 1911 साली कारखान्यांच्या शास्त्रीय व्यवस्थेवर आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. कामाचा विचार करणारे निराळे आणि काम करणारे निराळे, अशी फाळणी त्यात मुख्य होती. त्यांचे सहकारी हेन्री गँट यांनी आडव्या पट्ट्यांचा तक्ता रूढ केला. आमच्या अभियंत्यांच्या तक्त्याचे मूळ तेथे आहे. 1957 च्या सुमारास ड्यूपाँ या रसायनांच्या कंपनीने आणि 1958 साली अमेरिकेच्या आरमाराने पाणबुडीवरील क्षेपणास्त्रांच्या कामासाठी, परस्परांवर अवलंबून असणाऱ्या कामांचे जाळे मांडण्याच्या रीती काढल्या. हजारो कामांपैकी नेमक्या कोणत्या कामास उशीर झाला असता सर्वच कामास उशीर होईल, हे त्या रीतींमुळे आधी कळू लागले. धरण, पूल, कारखाना यांसारख्या कामांस आजही या रीतींवाचून गत्यंतर नाही. पाया घातल्यावाचून भिंत उभी राहत नाही, हे सत्य कोणत्याही नव्या विचाराने खोटे ठरत नाही.

परंतु सर्वच कामे भिंतीसारखी नसतात. संगणकाचे कार्यक्रम लिहिणाऱ्यांना हे लवकर उमगले. त्या क्षेत्रात ज्या टप्प्याटप्प्याच्या पद्धतीस पुढे ‘धबधबा’ हे नाव पडले, तिची आकृती विन्स्टन रॉइस यांच्या 1970 सालच्या एका निबंधात सापडते. गंमत अशी की, ती आकृती काढून रॉइस यांनी लगेच बजावले होते की, हे इतक्या सरळपणे करू गेल्यास अपयशास आमंत्रण मिळेल. लोकांनी आकृती उचलली आणि इशारा तेथेच ठेवला. पुढे 2001 साली अमेरिकेतील युटा संस्थानात 17 जण एकत्र जमले आणि त्यांनी ‘अ‍ॅजाइल’ या नावाने एक जाहीरनामा काढला. कार्यरीती आणि साधने यांपेक्षा माणसे आणि त्यांचा आपसांतील संवाद आम्ही अधिक मोलाचा मानतो, हे त्यातील पहिले कलम. त्यानंतर त्याच अ‍ॅजाइलच्या नावाने किती साधने विकली गेली याची गणती करणे कठीण! दोन्ही ठिकाणी घडले ते एकच. मूळ विचारात जी सावधगिरी होती ती वाटेत गळाली, आणि सोपे होते, चित्रात दाखविता येत होते, तेवढे पुढे आले.

येथे एखादा वाचक आम्हांला थांबवून विचारील : ‘शिर्डीची गोष्ट सांगता आणि तक्त्यांच्या मागे लागता! ज्या फकिराच्या नावाने हे गाव जगास ठाऊक झाले, त्याने कोणती पद्धत ठेवली होती?’ हा आक्षेप आम्हांला महत्त्वाचा वाटतो, कारण तो शिर्डीपुरता नाही. आमच्याकडील पुष्कळ सज्जनांच्या मनात अशी एक समजूत असते, की सेवेच्या कामात हिशेब आणि नोंद आली की भाव गेला. साईबाबांकडे येणारी दक्षिणा ते सायंकाळपर्यंत वाटून मोकळे होत असत. दुसऱ्या दिवशी पुन्हा झोळी घेऊन भिक्षेस जात. त्यांना वही लागली नाही, हे खरेच आहे. परंतु ती का लागली नाही? कारण त्यांनी स्वतःजवळ काही ठेवलेच नाही. जो काही ठेवीत नाही त्यालाच हिशेब न ठेवण्याचा अधिकार आहे. 15 ऑक्टोबर 1918 रोजी, विजयादशमीच्या दिवशी, बाबांनी देह ठेवला. आणि 1922 साली अहमदनगरच्या जिल्हा न्यायालयाच्या संमतीने संस्थानाच्या कारभाराची योजना करावी लागली. पुढे व्याप इतका वाढला की 2004 साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाला त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. यात फकिराच्या वृत्तीचा काही पराभव झाला असे आम्ही मानीत नाही. संस्था म्हणजे दुसऱ्याचे धन, दुसऱ्याचे श्रम आणि दुसऱ्याचा विश्वास सांभाळून ठेवणारी व्यवस्था. तिने आपल्या कामाची नोंद न ठेवणे हा साधेपणा नसून बेजबाबदारपणा होय.

नोंद नसण्याचा दुसराही एक दोष आहे आणि तो अधिक सूक्ष्म आहे. जेथे काही लिहिलेले नसते, तेथे ज्याचा आवाज मोठा त्याची आठवण खरी ठरते. ‘मी सांगितले होते’ असे अध्यक्ष म्हणाले की शिपायाने ते कबूल करावयाचे, मग सांगितलेले असो वा नसो. घरातही हेच चालते. लग्नकार्यात यादी नसली की राहून गेलेल्या प्रत्येक वस्तूचा दोष अखेर घरातल्या धाकट्या सुनेवर येतो. यादी लिहिलेली असली म्हणजे निदान तिला बोट दाखवावयास एक कागद असतो. दुर्बळाला लेखी शब्दाचा आधार असतो. म्हणून पद्धतीचा तिरस्कार करणाऱ्या भाविकपणावर आमचा फारसा विश्वास नाही.

शिर्डीत आज जे चालते तेही पद्धतीवाचून चालणारे नाही. तेथील प्रसादालयाच्या गच्चीवर 2009 साली सूर्याच्या उष्णतेने वाफ करण्यासाठी 73 तबकड्या बसविण्यात आल्या आणि हजारो माणसांचे अन्न त्या वाफेवर शिजू लागले. ऑक्टोबर 2018 मध्ये ज्याची पायाभरणी झाली ते दर्शनरांगेचे नवे संकुल 26 ऑक्टोबर 2023 रोजी खुले झाले. त्यातील दालनांत 10000 हून अधिक माणसे बसू शकतात. इतक्या माणसांची रांग, चप्पल, तहान, प्रसाद आणि चुकलेले मूल यांची काळजी केवळ भक्तिभावाने घेता येत नाही. भक्तिभाव असलेल्या माणसालाही ‘आता कोणी कोठे उभे राहावयाचे’ हे कोणी तरी सांगावेच लागते.

तेव्हा पद्धत हवी, हे ठरले. आता तिच्या निवडीत नीतीचा प्रश्न कोठे येतो ते पाहू.

ज्या दिवशी हे संकुल खुले झाले, त्याच दिवशी शिर्डीहून आणखी एका कामाचे लोकार्पण झाले : निळवंडे धरणाचा 85 किलोमीटरचा डावा कालवा. या धरणाची कल्पना प्रथम 1970 साली पुढे आली. कालव्याच्या जाळ्याने सात तालुक्यांतील 182 गावांस लाभ होईल आणि एकंदर खर्च सुमारे 5177 कोटी रुपये, असे त्या वेळी जाहीर करण्यात आले. कल्पनेपासून कालव्यातील पाण्यापर्यंत त्रेपन्न वर्षे लोटली. अशा कामात जमीन, पुनर्वसन, पैसा आणि राजकारण यांच्या किती गाठी असतात हे सर्वांस ठाऊक आहे. एखादे सॉफ्टवेअर घेतले असते तर त्या सुटल्या असत्या, असे म्हणण्याइतके आम्ही भोळे नाही. आम्हांला येथे एवढेच दाखवावयाचे आहे की, तक्त्यावर विलंब हा पट्टीच्या लांबीने दिसतो. गावात तो निराळ्या रीतीने दिसतो. 1970 साली वीस वर्षांचा असलेला शेतकरी 2023 साली त्र्याहत्तर वर्षांचा झालेला असतो. त्याचे सारे कर्तेपण पाण्याची वाट पाहण्यात गेलेले असते. त्याच्या कर्तेपणासाठी कोणत्याही तक्त्यात रकाना नसतो. पद्धत जे मोजते ते डोळ्यांपुढे राहते. जे मोजत नाही ते हळूहळू नाहीसेच आहे असे वाटू लागते. म्हणून काय मोजावयाचे हे ठरविणे म्हणजे कोणाचे दुःख दिसू द्यावयाचे हे ठरविणे होय.

साईबाबांच्या चरित्रात जात्याची एक गोष्ट आहे. गोविंद रघुनाथ दाभोळकर, ज्यांना बाबांनी हेमाडपंत म्हटले, त्यांना चरित्र लिहिण्याची प्रेरणा त्याच प्रसंगाने झाली. एके सकाळी बाबा मशिदीत जाते मांडून गहू दळू लागले. चार बायका पुढे झाल्या, त्यांनी खुंटा हाती घेतला आणि सारे गहू दळून काढले. दळता दळता त्यांच्या मनात आले की, बाबांना घर नाही, संसार नाही. तेव्हा हे पीठ ते आपल्यालाच देणार. त्यांनी पिठाचे चार भाग केले. तेव्हा बाबा रागावले आणि ते पीठ गावाच्या शिवेवर नेऊन टाकावयास त्यांनी सांगितले. गावात महामारीची साथ होती. या गोष्टीचा भक्तांना जो अर्थ प्रिय आहे तो त्यांचा आहे. आम्हांला तीत प्रस्तुत विषयाचा अर्थ दिसतो. त्या बायकांच्या कामात खोट कोठेच नव्हती. दळण वेळेवर झाले, बारीक झाले, वाटणीही सारखी झाली. कोणत्याही फलकावर त्यांच्या चारही चिठ्ठ्या ‘झाले’ या रकान्यात गेल्या असत्या. फक्त पीठ कशासाठी हे विचारावयाचे राहिले होते. पद्धत दळण सुधारते. पीठ कोठे जावयाचे हे ती सांगू शकत नाही. उलट दळण जितके सुरळीत, तितका हा प्रश्न विचारण्याचा विसर पडण्याचा संभव अधिक.

मग निवड कशी करावी? आम्ही तज्ज्ञ नाही. परंतु त्या बैठकीनंतर विचार करता तीन कसोट्या आम्हांला सुचल्या, त्या येथे मांडतो.

पहिली कसोटी ही, की वाईट बातमी या पद्धतीत वर जाऊ शकते काय? चांगली बातमी कोणत्याही मार्गाने वर जाते, तिला पद्धत लागत नाही. ‘झाले नाही’, ‘होणार नाही’, ‘माझे चुकले’ ही तीन वाक्ये न घाबरता उच्चारता येतात की नाही, यावर पद्धतीची खरी किंमत ठरते. जपानातील टोयोटा कारखान्यात कामगाराला काही बिघाड दिसला तर दोरी ओढून इशारा देण्याची आणि वेळप्रसंगी सारे काम थांबविण्याची मुभा असे. त्या कारखान्याच्या चिठ्ठ्यांची ‘कानबान’ पद्धत जगाने उचलली, पण दोरी ओढणाऱ्याला रागे भरावयाचे नाही हा तिचा गाभा पुष्कळांनी उचललाच नाही. आणि यासाठी जपानापर्यंत जाण्याचीही गरज नाही. ज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखीसोहळ्याला एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी जी शिस्त लावून दिली, तीत मुक्कामी पोचल्यावर समाज आरती होते. सर्व दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात. चोपदार आपला दंड उंचावतात आणि टाळमृदंग एकदम थांबतात. परंतु ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवीतच राहते. मग तिच्याकडे जाऊन तिचे म्हणणे ऐकून घेतले जाते. हरवलेल्या, सापडलेल्या वस्तूंची घोषणा होते, आणि त्यानंतर आरती. हजारोंच्या मेळाव्यात, ज्याला सांगावयाचे आहे त्याचाच आवाज त्या क्षणी सर्वांत मोठा असावा, अशी ही योजना आहे. आमचे आचारी दिंडीत असते तर त्यांच्या हातात टाळ असते. बैठकीत ते नव्हते.

दुसरी कसोटी : या पद्धतीत कोणाचे नाव आहे, आणि कोणत्या भाषेत? आजची पुष्कळशी सॉफ्टवेअरे माणशी, दरमहा भाड्याने मिळतात. याचा परिणाम असा होतो, की काटकसर करणारी संस्था दहा पदाधिकाऱ्यांची नावे त्यात घालते आणि तीस राबणाऱ्यांची वगळते. आखणाऱ्यांना दार उघडे आणि करणाऱ्यांना बंद! टेलर यांनी जी फाळणी ग्रंथ लिहून सांगितली, ती येथे कोणी न सांगता, निव्वळ भाडे वाचविण्याच्या निमित्ताने होऊन जाते. त्यातून ते साधन इंग्रजीत असले, तर तीस वर्षे हजार माणसांचा स्वयंपाक बिनचूक करणारा आचारी त्याच्यापुढे अडाणी ठरतो आणि कालचा पदवीधर त्याचा वरिष्ठ होतो. जे साधन जाणत्याला अजाण ठरविते, ते कितीही सुंदर असले तरी आपल्या संस्थेच्या योग्यतेचे नाही. नोंद ठेवण्याचे श्रम कोणावर पडतात हेही येथेच पाहावे. दिवसभर उन्हात राबलेल्याने रात्री बसून रकाने भरावयाचे, आणि सावलीत बसलेल्याने ते नुसते पाहावयाचे, अशी वाटणी असेल तर त्या नोंदी लवकरच खोट्या होऊ लागतात. आणि तो दोष लिहिणाऱ्याचा नसतो.

तिसरी कसोटी : ही पद्धत सोडता येईल काय? कोणतेही साधन घेताना ते टाकून देण्याची वाट आधी पाहून ठेवावी. आपल्या नोंदी आपल्याला परत काढून घेता येतात की त्या विकणाऱ्याच्या घरी अडकून पडतात, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावा. पण याहून कठीण अडकणे मनाचे असते. पैसा आणि प्रतिष्ठा ओतून एखादी पद्धत आणली, की ती चुकली असे म्हणणे आणणाऱ्याला जड जाते. मग कामासाठी पद्धत न राहता पद्धतीसाठी काम होऊ लागते. म्हणून आरंभ लहान करावा, एक हंगाम पाहावे, आणि हंगाम संपल्यावर ‘हे ठेवावे काय?’ असे सर्वांत कनिष्ठ माणसाला प्रथम विचारावे. वरिष्ठाने आधी मत दिले की खालचे मत उरतच नाही.

या तिन्ही कसोट्यांना कोणी म्हणेल, की यात सॉफ्टवेअरच्या गुणदोषांविषयी काहीच नाही. हे खरे आहे. तक्ता की फलक, हे कामाच्या स्वभावावरून ठरवावे : ज्याचा क्रम निसर्गाने अथवा शास्त्राने बांधलेला आहे त्याला तक्ता, जे रोज नवे रूप घेते त्याला फलक, आणि पुष्कळशा कामांना दोहोंचे मिश्रण. एवढे कोणीही जाणता माणूस तासाभरात सांगेल. परंतु संस्था बुडतात त्या चुकीचा तक्ता निवडल्यामुळे क्वचितच. ज्याला ठाऊक होते त्याला विचारले नाही, म्हणून त्या बुडतात.

त्या मंडळाने पुढे काय केले, हे सांगून हा लेख पुरा करू. आचाऱ्यांचे म्हणणे आमच्या स्नेह्यांनी दुसऱ्याच दिवशी सर्वांच्या कानांवर घातले. अभियंते काही वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, ‘माझ्या तक्त्यात हे यायला हवं होतं; पण मी तक्ता घरी बसून काढला.’ त्यांच्या त्या प्रांजळपणाविषयी आम्हांला अजून आदर वाटतो. अखेर विकत काहीच घेतले नाही. मुक्कामांचा आणि शिध्याचा क्रम अभियंत्यांच्या तक्त्यावर एका मोठ्या कागदावर लिहिला गेला. रोजच्या कामांसाठी स्वयंपाकाच्या तंबूच्या दाराशी एक काळा फळा टांगला गेला आणि त्यावर तरुणाचे तीन रकाने खडूने मराठीत आखले गेले. रात्री कोणी तरी त्या फळ्याचे छायाचित्र काढून खजिनदारांच्या गटावर पाठवी. आणि रोज सायंकाळी सर्वांनी दहा मिनिटे उभे राहावयाचे, ज्याच्या कामात अडचण असेल त्याने प्रथम बोलावयाचे, पदाधिकाऱ्यांनी शेवटी, असा नियम झाला. पहिल्या दोन दिवशी कोणी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी भांडी घासणाऱ्या एका बाईंनी राख संपल्याचे सांगितले, आणि तेथून पुढे लोक बोलू लागले.

तिसऱ्या मुक्कामी टँकर आला नाही तो नाहीच. दुसरा टँकर मिळाला तो दोन तास उशिरा. तथापि ही गोष्ट आदल्या मुक्कामावरच सर्वांस ठाऊक झालेली होती. चालणाऱ्यांनी बाटल्या भरून घेतल्या होत्या, आणि गावातल्या दोन घरांनी आपल्या विहिरी उघडून दिल्या होत्या. पाणी कमी पडले, परंतु कोणी तहानलेला राहिला नाही. फळ्यावर मात्र त्या दिवशी ‘टँकर’ हे काम ‘झाले’ या रकान्यात गेले नाही. आचाऱ्यांना लिहिता येत नसे. त्यांनी एका मुलाकडून त्यापुढे लिहून घेतले, ‘पाणी मिळाले’. हंगाम संपल्यावर फळा पुसण्यापूर्वी अभियंत्यांनी ती ओळ आपल्या वहीत उतरून घेतली.